काचेतल्या दोन मरळी

माझ्या सवतीला मी कधी पाहिलं नाही, तरी लग्न झाल्यापासून मी तिला गळ्यात घालून हिंडत होते. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात जोडलेले आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तो टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक घालायचा, नवी साडी आधी टाकाला लावायची आणि मग आपण नेसायची, अशी त्यांच्याकडची रीत.

"तिचा मान तिला द्यायचा," आत्या म्हणाल्या. सासूला आम्ही आत्या म्हणतो. "मंग ती रुसत न्हाई. उलट आपल्याला सांभाळती."

"आन् न्हाई दिला तर?"

"ते कशाला इचारायचं?" असं म्हणून त्यांनी गाठ आणखी एकदा ओढली.

मी पाबळची. रांजणगावला एका कंपनीत सात वर्षं इन्स्पेक्शनला होते. बेल्टवरून पार्ट पुढे सरकत यायचा आणि एका नजरेत सांगायचं, ओके की रिजेक्ट. सात वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचा पार्ट पुढे गेला नाही, हे मी आजही तोंड वर करून सांगते. वडिलांच्या आजारपणात माझं लग्न लांबत गेलं, आणि चौतिसाव्या वर्षी केडगावचं हे बिजवराचं स्थळ आलं. सत्यजीत. त्यांचं स्टेशन रोडला स्लायडिंगच्या खिडक्यांचं दुकान आहे. माणूस सरळ, कमी बोलणारा, निर्व्यसनी. त्यांची पहिली बायको तेजश्री तीन वर्षांपूर्वी तापानं गेली, पाच दिवसांत. मी हो म्हणाले.

घरात पाऊल टाकलं तर समोर तो टँक. सहा फूट लांब, जाड काचेचा, सत्यजीतनी स्वतः सिलिकॉन लावून बांधलेला. त्यात एकच मासा, सव्वादोन फुटांची मरळ. कॅनॉलचं पाणी बंद झालं तेव्हा चिखलात तडफडणारं बोटभर पिल्लू तेजश्रीनं ओंजळीत उचलून घरी आणलं होतं. तिनं त्याला बादलीत वाढवलं, मग घमेल्यात, मग नवऱ्याकडून काचेचं घर बांधून घेतलं. नाव ठेवलं राणी.

मरळ म्हणजे काही शोभेचा मासा नव्हे. डोकं सापासारखं, तोंडात करवतीसारखे दात, समोर येईल ते बेडूक, उंदराचं पिल्लू, काहीही गिळते. आणि तिला नुसतं पाणी पुरत नाही, हवाही लागते. दर काही मिनिटांनी ती वर येते, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घेते आणि खाली जाते. गुळुक असा आवाज होतो. आत्यांची बैठक टँकशेजारीच असायची. दिवसभर त्या तिथं भाजी निवडत, वाती वळत बसायच्या आणि मधूनमधून तो गुळुक. मला आधी वाटायचं, कोणीतरी पाणी पितंय.

तेजश्री घरी ब्लाउज शिवायची. तिचं मशीन टँकसमोर होतं. पायडल सुरू झालं की राणी काचेला येऊन लागायची, असं सत्यजीत सांगायचे. सांगताना त्यांचा चेहरा जरा उजळायचा. मला ते आवडायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचा राग यायचा. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. हिच्याशी काय भांडणार?

लग्नानंतर सहा-सात महिन्यांनी मी दौंडच्या बाजारात गेले होते. तिथं मरळ जिवंतच विकतात, टबात थोडंसं पाणी घालून. मासळीवालीनं एक काळीभोर मरळ उचलून मला दाखवली, दोन फुटांना थोडी कमी. "कापून देऊ का, ताई?" तिनं विचारलं. तोपर्यंत माझ्या मनात कालवणच होतं. पण त्या मरळीनं माझ्याकडे असं काही रोखून पाहिलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "नको. अशीच द्या." ओल्या पोत्यात गुंडाळून मी ती घरी आणली. येताना सगळ्या रस्त्यानं एकच विचार होता. या घरात तिच्या नावाचा एक मासा आहे ना, आता माझ्याही नावाचा एक राहील.

सत्यजीतनी कपाळाला हात लावला. "दोन मरळी एका टँकात? अनुपमा, एकमेकींना फाडून खातील गं."

त्यांनी शिरूरच्या पप्पूला फोन लावला. पप्पूचं तिथं फिश टँकचं दुकान, आणि ह्यांचा तो जुना दोस्त. पप्पूनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मधे काच लावून पंधरा दिवस दोघींना नुसतं समोरासमोर ठेवा. दुसरी मला फार पटली. काच काढायच्या दिवशी टँकमधलं सगळं हलवा. दगड इकडचे तिकडे, लाकूड उलटं, फिल्टर दुसऱ्या कोपऱ्यात. जुनीला आपली जागा ओळखू आली नाही की तिचा हक्क सुटतो, मग नवीला ती येऊ देते.

पंधरा दिवस त्या दोघी काचेला तोंड लावून उभ्या होत्या. हलायच्या नाहीत. श्वास घ्यायला वर यायच्या तेव्हाही एकीनंतर एक. आधी राणीचा गुळुक, मग माझ्या काळीचा. काच काढायच्या दिवशी मी टँकमधले दगड हलवले, आणि त्याच उत्साहात घरही हलवलं. तेजश्रीचं मशीन मागच्या खोलीत नेलं, कपाट उलट्या भिंतीला लावलं, देवघराशेजारचा तिचा फोटो काढून आतल्या पॅसेजमध्ये टांगला. आत्या नुसत्या बघत राहिल्या.

राणी मात्र काही विसरली नाही. काच निघाल्यावर ती सबंध टँक एकदा फिरली, प्रत्येक दगडाला तोंड लावून आली आणि नंतर काळीवर तुटून पडली. काळीच्या शेपटीचा तुकडा गेला. पुढचे अनेक महिने काळी फिल्टरमागच्या कोपऱ्यात उभी असायची. श्वासाला वर आली की राणी खालून धडक द्यायची. माझ्या हातून मात्र काळी खायची. सकाळी मी चिकनचा तुकडा चिमट्यात धरून त्या कोपऱ्यात नेला की अलगद घ्यायची. मी तिला म्हणायचे, सोडू नको, जागा सोडू नको.

त्यातच मला दिवस गेले. छत्तिसावं लागलेलं, डॉक्टरनी जपायला सांगितलं होतं. आत्यांचा आनंद मावेना. त्या मला काही उचलू द्यायच्या नाहीत. सहावा महिना लागला तेव्हा एक दिवस जेवताना त्या सत्यजीतना म्हणाल्या, "पोरगी झाली तर आपली तेजूच परत आली म्हणायचं."

ह्यांनी मान खाली घातली आणि हसले. थोडंसंच. पण हसले.

माझा घास तोंडातच राहिला. माझं घर तिचं, नवरा तिचा, नवी साडी आधी तिची. आता पोटातलं पोरही तिचंच म्हणायचं? जेवणं झाल्यावर हे दुकानात गेले आणि आत्या आत जाऊन आडव्या झाल्या. मी टँकसमोर उभी राहिले आणि गळ्यातला दोरा दातांनी तोडला. टाक हातात आला तेव्हा माझ्या अंगासारखाच गरम होता. टाक म्हणजे देवघरातली वस्तू, ती कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. देवाचं नकोसं झालेलं काहीही असो, आपण पाण्यात सोडतो. भीमा पाच-सहा कोसांवर, आणि पाणी तर समोरच होतं. मी झाकण उचललं आणि टाक सोडून दिला.

तो चमकत, गिरक्या घेत खाली जाऊ लागला. आणि कोपऱ्यातून काळी आली. माझी काळी. तुटक्या शेपटीची. एका झेपेत तिनं टाक तोंडात घेतला आणि गिळला. राणी टँकच्या दुसऱ्या टोकाला होती. मी दोन हातांवरून पाहिलं, भर दुपारच्या उजेडात. माझी नजर चुकत नाही.

मी घाबरले. दोरा रिकामा दिसू नये म्हणून ह्यांच्या हत्यारांच्या डब्यातला एक वॉशर त्यात ओवला आणि पुन्हा गळ्यात बांधला. ब्लाउजच्या आत कोण बघतंय!

त्या दिवसापासून टँकमधलं भांडण थांबलं.

थांबलं म्हणजे अगदी थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दोघी मधल्या दगडाजवळ शेजारी शेजारी, अंगाला अंग लावून. राणीचीच ती जागा. काळी श्वासाला वर गेली तर राणी बाजूला सरकून वाट द्यायची. हे खूश झाले. पप्पू काही कामानं केडगावला आला होता, तो मुद्दाम बघायला घरी आला. बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग उठून म्हणाला, "वहिनी, दोन मरळी एका काचेत अशा नांदत न्हाईत. मी तरी बघितल्या न्हाईत." चहा मात्र त्यानं अर्धाच घेतला.

काळी आता माझ्या हातून खाईना. चिमटा पुढे केला की नुसतं बघायची. तुकडा सोडून मी मागे झाले की मग खायची. आठवड्याभरानं मला ब्लाउज सैल करून घ्यायचा होता, म्हणून मागच्या खोलीतलं मशीन मीच ओढत बाहेर आणलं. पायडल मारलं. चार टाके झाले असतील नसतील, टप असा आवाज आला. वर पाहिलं तर काचेला तोंड लावून काळी उभी होती. तिनं ते मशीन जन्मात कधी ऐकलं नव्हतं. राणी नंतर आली, सावकाश, आणि तिच्या शेजारी उभी राहिली. दोघी माझ्या हातांकडे बघत होत्या. मी टाके अर्धवट सोडून उठले, तो ब्लाउज पिन लावूनच घातला.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात धरलं होतं. पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळी आत्या हळदीकुंकवाची वाटी आणि हिरवी साडी घेऊन माझ्याजवळ आल्या. "आधी तिची ओटी," म्हणाल्या आणि माझ्या गळ्यातला दोरा त्यांनी बोटानं बाहेर ओढला.

वॉशर बाहेर आला.

आत्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. सत्यजीत दारात फुलांच्या माळा लावत होते, तेही आत आले. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आत्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, ती कुठं हाय?"

आता खरं सांगायचं तर मी दातांनी दोरा तोडला हे सांगावं लागणार होतं. पोटात सात महिन्यांचं पोर, दुपारी पाहुणे यायचे, आणि समोर सत्यजीतचा तो चेहरा. मी म्हणाले, "खायला टाकताना दोरा तुटला. टाक पाण्यात पडला, आन् मासळीनं गिळला."

"कुणी?" सत्यजीतनी विचारलं.

माझी नजर टँककडे गेली. दोघी तिथंच होत्या, शेजारी शेजारी. मला सगळं माहीत होतं. त्या दिवशी माझी काळी माझ्या मदतीला धावून आली होती आणि टाक तिच्याच पोटात होता. पण त्या एका क्षणात मला दुसरंही दिसलं. हे काय करतात ते बघावं. माझ्यासाठी हे तिच्या राणीला हात लावतात का, ते एकदाच बघावं.

"राणीनं," मी म्हणाले.

सत्यजीत टँकपाशी गेले. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "काढावा लागंल मंग," म्हणाले. आत्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. मी अजूनही थांबवू शकत होते. नको म्हणायला एक शब्द पुरला असता. ह्यांनी जाळी घातली तेव्हा राणी पळाली नाही, आपणहून जाळीत आली. काळी जागची हलली नाही.

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर, ओल्या पोत्यावर ठेवून त्यांनी ते केलं. मरळ लवकर मरत नाही. ह्यांचा हात एकदाही चुकला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. दाराच्या चौकटीला धरून मी उभी होते आणि मनात म्हणत होते, आता काही निघणार नाही. काही निघणार नाही आणि मग हे माझ्याकडे वळून बघतील, आणि मी पकडली जाईन.

टाक निघाला.

राणीच्या पोटातून. काळा पडलेला, पण तोच. हात जोडलेले, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. सत्यजीतनी तो नळाखाली धुतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "तू म्हणालीस तसंच," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी राणीला कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा करून पुरलं आणि आंघोळीला गेले. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि त्यात त्यांचं रडणं.

मी मागच्या खोलीत जाऊन पप्पूला फोन केला. तो म्हणाला, होतं असं कधीकधी, एकीनं ओकलेलं दुसरी उचलते. मी बरं म्हणून फोन ठेवला. तळहातावरचा टाक माझ्याकडे बघत होता. मी खोटं बोलले होते, आणि कोणीतरी माझं खोटं खरं करून दाखवलं होतं. मी पकडली जाऊ नये म्हणून. त्यापायी आपली राणी गेली तरी चालेल म्हणून. तोपर्यंत तेजश्रीनं माझं काही म्हणजे काहीच वाकडं केलं नव्हतं. जे काय केलं ते सगळं मी तिचं केलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी तिथंच जमिनीवर बसले.

दुपारी पाहुण्या बायका आल्या, गाणी झाली, पाच फळांनी माझी ओटी भरली. त्याआधी मी स्वतःच्या हातांनी हिरव्या साडीचा पदर टाकाला लावला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मी खोटं बोलले गं." सोनाराकडून टाक उजळून आणू, असं आत्या म्हणाल्या. मी नको म्हणाले. अजूनही तो काळाच आहे.

सगळ्या बायका गेल्यावर मी टँकसमोर खुर्चीत बसले. टँकमध्ये एकटी काळी मधल्या दगडाजवळ होती. ती वर आली, घोट घेतला. गुळुक. खाली गेली आणि दगडाला टेकली. माझ्या डोळ्यांसमोर ती टेकलेली होती, आणि पुन्हा आवाज आला. गुळुक. पाण्यावर एक वलय उमटलं, काचेपर्यंत आलं आणि विरलं. फिल्टरचा बुडबुडा असेल म्हणून मी उठून फिल्टर बंद केला. पाचेक मिनिटांनी काळी वर आली. मी मोजलं. एक. आणि मग, दोन.

सत्यजीतना मी सांगितलं नाही. त्यांना ऐकू येत असतं तर ते त्या टँकपुढे जेवायला बसले नसते, किंवा मग तिथून उठलेच नसते. आत्यांनाही सांगितलं नाही. त्यांचं ऐकणं तसंही कमी झालंय.

दोन महिन्यांनी मला मुलगी झाली. घरी आणल्यावर तिचं नाव काय ठेवायचं हा विषय आत्यांनी काढला नाही, मीच तिला तेजू हाक मारायला लागले. काहीतरी द्यायला हवं होतं आणि माझ्याकडे तेवढंच होतं. तेजश्रीचा फोटोही मी पॅसेजमधून काढून पुन्हा देवघराशेजारी लावला.

बाळंतपणानंतर पहिल्यांदा टँकपाशी गेले ती सकाळची वेळ होती. आत्या मांडीवर तेजूला घेऊन आपल्या जागी बसल्या होत्या. मी झाकण उचललं, चिकनचा तुकडा टाकला. काळीनं घेतला. झाकण ठेवून मी वळले, तोच पाठीमागून आत्या बोलल्या, अगदी सहज, बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करता करता.

"एकच टाकलास? थांब की, दुसरी यायचीय अजून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वर बघितलं नाही. मी पुन्हा झाकण उचललं आणि दुसरा तुकडा रिकाम्या बाजूला, फिल्टरजवळ सोडला. काळी मधल्या दगडापाशी होती, ती वळलीसुद्धा नाही. तेवढ्यात तेजू रडली, म्हणून मी तिला घ्यायला वाकले. घेऊन उठले तेव्हा पाण्यात तुकडा नव्हता.

तेव्हापासून मी रोज सकाळी दोन तुकडे टाकते. आधी तिचा, मग माझ्या काळीचा.